मागचा स्क्रू

आमच्या रायफल क्लबमध्ये तिला सगळे तोंडावर ताई म्हणत आणि मागे डिसमिस ताई. तिच्या एप्रनच्या खिशात स्क्रू पिळायचा, पिवळ्या मुठीचा एक लहानसा डिसमिस कायम असायचा. नव्या माणसाला ते नाव ऐकून वाटे, बाईंना कुठल्यातरी नोकरीवरून काढून टाकलेलं दिसतंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. चाळिशी उलटल्यावर नेमबाजी शिकायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "इतकी वर्षं जीभ चालवलीस, आता बंदूक चालव." मुलं मोठी झाली होती, रविवारची सकाळ मोकळी होती. मी नाव घातलं.

क्लब म्हणजे गावाबाहेरची एक लांबट पत्र्याची शेड. एका टोकाला झोपून नेम धरायच्या चटया, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, आणि बांधापुढे कागदी निशाण्यांच्या चौकटी. शेडला लागून ताईची खोली. खोलीत एक जाड लाकडी टेबल, त्याला बसवलेली, वस्तू जबड्यात घट्ट धरणारी वाइस, तेलाचे डाग पडलेली फडकी, आणि एक खिडकी. खिडकीतून लांबवर पाण्याची टाकी दिसायची आणि त्या टाकीवर काळ्या रंगाने एक फुली काढलेली होती. दुर्बिणी तपासायला तिने स्वतःच शिडी लावून काढलेली.

चांगल्या रायफली आधीच्या लोकांनी पटकावल्या होत्या. सेक्रेटरींनी मला कपाटाच्या तळाशी बरीच वर्षं पडून असलेली एक काढून दिली. छोट्या गोळीची, पॉइंट टू-टू. या गोळीत ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. आवाज टाळी वाजवल्याएवढा, धक्का नावालाच. रायफलीच्या पाठीवर दोन स्क्रूंनी बसवलेली लोखंडी पट्टी, पट्टीवर दोन कड्या, आणि कड्यांमध्ये दुर्बीण.

सेक्रेटरी रायफल माझ्या हातात देत होते तेव्हा ताई दारात उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. तरी ती पुढे झाली. रायफल घेऊन आत गेली, साफ करून आणली, आणि माझ्यासाठी झिरो करून दिली. म्हणजे दुर्बिणीतली फुली जिथे टेकवाल तिथेच गोळी लागेल असा मेळ बसवून दिला. हा मेळ एकदा नीट बसला की महिनोन्‌महिने हलायचं कारण नसतं.

माझा पुढच्याच रविवारी हलला. गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या डावीकडे जाऊन बसल्या. ताईने दुर्बिणीचं बटण फिरवून त्या परत मध्यावर आणल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा डावीकडे. कधी थोड्या, कधी जास्त, पण डावीकडेच.

मी गृहीत धरलं की चूक माझी. सेक्रेटरींनीही गृहीत धरलं. "बाई, चाप ओढताना श्वास धरा," ते म्हणायचे. मी इतका श्वास धरायचे की डोळ्यांपुढे अंधारी यायची. गोळ्या डावीकडेच.

क्लबात एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांना सगळे टपालकाका म्हणत. ते एकदा माझ्या चटईशेजारी उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ही रायफल परत करा. हिचा आधीचा मालक अजून हिच्यावरून उठलेला नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला सांगितलं नाही कोणी? ताईचा धाकटा भाऊ. क्लबातला सगळ्यात चांगला हात. एका सकाळी केस कापून येतो म्हणून घरातून निघाला, तो आजतागायत आलेला नाही. शेवटची स्पर्धा याच रायफलीवर खेळला. तेव्हाही हिने असंच केलं होतं. सगळ्या गोळ्या डावीकडे."

मी हसण्यावारी नेलं. पण नंतर रायफल गालाला लावली तेव्हा लाकडाचा गारवा जरा जास्तच जाणवला.

ताईने त्या दिवशी मला बाजूला केलं आणि स्वतः झोपली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, सावकाश पाच गोळ्या झाडल्या. मग उठून कागद काढून आणला आणि मला तिच्या खोलीत नेलं. पाचही भोकं डावीकडे, एकमेकांना लागून.

"तुमचा हात बरा आहे," ती म्हणाली. "यापुढे कोणी तुम्हाला श्वास धरा म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. आधी रायफल तपासायची. माणसाला बोलायचं ते नंतर."

शेवटचं वाक्य ती माझ्याशी बोलत नव्हती. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी नव्हती.

मग तिने शोध सुरू केला. मी शनिवारची शाळा सुटली की तिच्या खोलीत जाऊन बसायचे, कारण मला आता रायफलीपेक्षा तिचीच काळजी वाटायला लागली होती. ती कमी जेवायची, कमी बोलायची, आणि कामात असताना मध्येच मान वळवून दाराकडे बघायची. दारात कोणी नसायचं.

तिने आधी गोळ्या बदलल्या. या छोट्या गोळ्यांवर मेणाचा हात असतो, आणि नळीला एका जातीच्या मेणाची सवय झाली की दुसरं लवकर मानवत नाही, असं तिने मला सांगितलं. म्हणून नळी साफ केली, एकाच खोक्यातल्या गोळ्या वापरल्या, पहिल्या काही फुकट घालवल्या आणि मगच मोजमाप धरलं. डावीकडे. मग दस्त्याचे बोल्ट पाहिले. लाकडी दस्ता ओल धरून फुगला की नळीला एका बाजूने रेटतो. तिने नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. अलगद गेली. कड्यांचे स्क्रू सोडले, पुसले, सारख्या जोराने आवळले. माझा डोळा दुर्बिणीमागे इकडेतिकडे होतो का तेही पाहिलं, कारण डोळा हलला की कधीकधी फुलीही हलल्यासारखी दिसते. मी दगडासारखी निश्चल राहिले. डावीकडेच.

"दुर्बीणच खराब असेल," मी म्हटलं. "आतली स्प्रिंग वगैरे."

"असेल," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आशा होती. दुर्बीण खराब निघावी अशी तिची फार इच्छा होती.

तिने रायफल वाइसमध्ये धरली, खिडकीतून टाकीवरच्या फुलीवर दुर्बीण लावली, बटणं वर, उजवीकडे, खाली, डावीकडे सारखी फिरवून परत मूळ जागी आणली. दुर्बिणीतली फुली शहाण्या मुलीसारखी फिरून घरी आली. मग दुर्बीण काढून दुसऱ्या एका रायफलीवर चढवली आणि ती टपालकाकांना दिली. पुढच्या दोन्ही रविवारी त्यांच्या गोळ्या जागच्या जागी. आणि माझ्या रायफलीवर क्लबातली सगळ्यात भरवशाची दुर्बीण बसवली, ती पहिल्याच रविवारी डावीकडे सरकली.

आता शंका घ्यायला एकच जागा उरली होती. ती माझ्यासारख्या भूगोलवालीलाही दिसत होती.

"ताई, ही खालची पट्टी?"

ती रायफलीवर फडकं फिरवत राहिली. "ती नको."

"का?"

तिने रायफल वळवून मला पट्टीचे दोन स्क्रू दाखवले. प्रत्येकाच्या डोक्यावरून पट्टीवर उतरलेली एक बारीक मरून रंगाची रेघ होती. "नेलपॉलिश आहे. माझ्या बाटलीतलं. मला न विचारता घेतलं होतं धाकट्याने. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लगेच कळतं. बघा, कुठे तुटली आहे? पट्टी हललेली नाही. त्याने आवळली तशीच आहे."

मी पाहिलं. रेघा खरंच अखंड होत्या.

"हे दोन स्क्रू सोडले तर," ती म्हणाली, "घरात आणि इथे मिळून त्याच्या हातचं काही उरत नाही. कपडे बाबांनी देऊन टाकले. सायकल गंजली. एवढंच आहे."

त्या दिवशी परत जाताना मी सेक्रेटरींना सांगितलं, मला दुसरी कुठलीही रायफल द्या, जुनी चालेल. ताईच्या कानावर ते गेलं असावं. पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा तिने टेबल रिकामं करून पांढरं फडकं अंथरलं होतं. फडक्यावर रायफल, गोळी आत सारणारा बोल्ट काढून बाजूला ठेवलेला.

"तुमची वाट बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही दुसरी घ्याल, ही परत कपाटात जाईल, पुन्हा कोणाला तरी देतील. तोही बिचारा म्हणेल माझाच हात हलतो. नको ते."

पुढचा स्क्रू सहज निघाला. रेघ तुटताना टक् असा बारीक आवाज आला, तेव्हा तिने डोळे मिटले. मागच्या स्क्रूला वेळ लागला. तो सरळ वर येईना. डिसमिस एका बाजूला कलायला लागला, आणि ताईचा हात थांबला. तिने वाकून पाहिलं, पुन्हा फिरवला. स्क्रू तिरकाच बाहेर आला. मग तिने पट्टी उचलली.

पट्टीखाली मागच्या बाजूला फोटोच्या फिल्मचा एक तुकडा होता. नखाएवढा, कात्रीने नेटका कापलेला, तेलाने चिकट झालेला. पुढे सरकून पट्टीच्या मधोमध आला होता. मागे, जिथे तो मुळात बसवलेला होता, तिथे त्याच्या कडेची खूण अजून दिसत होती.

ताईने तो चिमट्याने उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मलाही वाटलं होतं की त्यात कोणीतरी दिसेल, एखादा चेहरा, निदान हात. काहीच नव्हतं. रीळ कॅमेऱ्यात भरताना उजेड लागलेलं, नुसतं काळं टोक होतं ते.

"काही नाही," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, "काही नाही."

ती परत टेबलाशी आली आणि रायफलीच्या पाठीवरच्या भोकांवर भिंग धरलं. पुढचं भोक सरळ. मागचं जरासं बाजूला आणि तिरपं. पट्टी त्या भोकात कधी नीट बसणारच नव्हती. एक बाजू टेकायची, दुसरी अधांतरी. त्याने त्या फटीत फिल्म सारून पट्टी सपाट केली होती. काही दिवस ते टिकलं. मग तेल झिरपलं, दर गोळीच्या हिसक्याने फिल्म केसभर सरकत गेली, आणि स्क्रू न फिरता पट्टी वळत गेली. रेघा अखंडच राहिल्या.

"हे भोक कोणी पाडलं?" मी विचारलं. विचारून झाल्यावर मला वाटलं, विचारायला नको होतं.

"बाबांनी," ताई म्हणाली.

तिचे वडील तिच्या आधी क्लबातली हत्यारं सांभाळायचे. या खोलीतलं सगळं त्यांनीच उभं केलेलं. लेकाची ही रायफल त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरायला लागला होता. ते कोणाला सांगत नव्हते, आणि घरात कोणी विचारत नव्हतं. मुलाचा नेम बिघडायला लागला तेव्हा ते जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, रायफलीत दोष नाही, तुझ्यात आहे, तुझा हात हलतो. स्पर्धेच्या संध्याकाळीही तेच म्हणाले. ताई ताटं उचलत होती. धाकटा पाणी प्यायला, त्याने हात धुतला, आणि उद्या केस कापायला जायचंय म्हणाला.

"त्याला माहीत होतं," ताई म्हणाली. "त्याने पट्टी उघडून पाहिली होती. भोक वाकडं आहे, ते बाबांनी पाडलंय, बाबांना दिसत नाहीये, सगळं माहीत होतं. तरी गप्प बसला. हात हलतो, तर हलतो."

थोड्या वेळाने तिने एप्रन काढून खुंटीला लावला. "बाई, आज माझ्याबरोबर घरी येता? मला एकटीने जावंसं वाटत नाही."

ताई आणि बाबा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायचे. खाली यंत्र चालू असलं की वर जमीन बारीक थरथरायची आणि फडताळातले कप किणकिणायचे. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की ते बोलता बोलता थांबायचे, पाऊल आपल्या दाराशी येतंय की वर जातंय ते ऐकून घ्यायचे, आणि मग तुटलेलं वाक्य पुढे न्यायचे. आम्ही बसलो असताना हे कितीदा तरी झालं. ताईच्या ते लक्षातही येत नव्हतं, इतकं अंगवळणी पडलेलं.

रायफलीची बातमी ताई त्यांना रोज सांगायची हे मला माहीत होतं. गोळ्या बदलून बघ, दस्ता तपास, दुर्बिणीची स्प्रिंग गेली असेल, असं तेही सुचवत राहिले होते. तेव्हा, त्यांच्यासमोर बसल्यावर, माझ्या लक्षात आलं की या सगळ्या दिवसांत त्यांनी एकदाही पट्टीचं नाव घेतलं नव्हतं.

"सापडलं का काही?" त्यांनी विचारलं.

"सापडलं, बाबा. मागचा स्क्रू ढिला होता."

"ढिला? त्याने तर रंग लावला होता वरून."

"रंग वाळतो. निघून जातो."

खालचं यंत्र थांबलं होतं. कप शांत झाले.

"मागचं भोक मी पाडलं होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"सरळ होतं का गं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"सरळ होतं," ती म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. "पट्टी दे बघू."

पट्टी तिच्या पिशवीत होती. मी तिला टाकताना पाहिलं होतं. "क्लबातच राहिली, बाबा," ती म्हणाली.

हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला आणि मग सावकाश मांडीवर गेला. जिन्यावर कोणीतरी चढत होतं. ते थांबले, ऐकलं. पाऊल वर गेलं.

"मला सांगितलं असतं त्याने," ते म्हणाले, "तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे? त्याच्यावरच ओरडलो असतो. म्हणून नसेल बोलला." मग माझ्याकडे तोंड करून, पाहुणीशी बोलायच्या वेगळ्या आवाजात म्हणाले, "चहा घेतला का तुम्ही?"

ताईने मागचं भोक बुजवून घेतलं, एका ओळखीच्या कारखान्यातून नवीन, सरळ पाडून आणलं, आणि नवी पट्टी बसवली. फिल्म नाही, रंग नाही. त्यानंतर झिरो हलला नाही. टपालकाका म्हणाले, उठला एकदाचा. लोकांनी मान डोलावली. सेक्रेटरींनी श्वासाबद्दल बोलणं बंद केलं. ताईला मात्र बरं वाटलेलं दिसत नव्हतं. एकदा नळी साफ करता करता ती मला म्हणाली, "इतकी वर्षं मी मनात त्याला एकच विचारत होते, का गेलास म्हणून. आता तो समोर आला तर विचारायचं काहीच नाही. सांगायचंच आहे. ते विचारण्यापेक्षा जड जातंय."

बाबा त्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी रायफलीचा विषय काढला नाही आणि ताईनेही काढला नाही.

पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा स्पर्धेत उतरले. ती दुसऱ्या शहरात होती. ताई बरोबर आली. माझा नंबर मधलाच आला, पण डावीकडे एकही गोळी गेली नाही. आम्ही मैदानाच्या कडेला बाकावर बसून सामान आवरत होतो. तेवढ्यात ताई उठली. हातातली रायफल तिने माझ्या मांडीवर ठेवली आणि काही न बोलता चालू लागली. मैदानापलीकडे कुंपणाच्या कडेने एक माणूस पाठमोरा चालला होता. उंच, एक खांदा किंचित खाली. ती आधी भराभर चालत होती, मग जवळ गेल्यावर तिचा वेग कमी झाला. शेवटचं अंतर तर ती जवळजवळ थांबत थांबत गेली.

तो माणूस वळला. दोघं काहीतरी बोलले. तिने हात लांब करून त्याला कुठली तरी दिशा दाखवली. तो मान हलवून निघून गेला आणि ती परत आली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. पाणी कुठे मिळेल विचारत होता."

तिने माझ्या मांडीवरून रायफल घेतली, बाकावर बसली आणि नळी पुसायला लागली.

"चालत मात्र तसाच होता," ती म्हणाली.